लाल टायमर आणि रविवार

२२ मिनिटं लागली मला त्या कॉलला. आमच्या कॉल सेंटरमध्ये साडेसहा मिनिटांत आटपायचा असतो कॉल, त्यामुळे स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यातला टायमर हिरव्याचा पिवळा झाला, पिवळ्याचा लाल झाला आणि मग शेवटपर्यंत तसाच लालभडक. पलीकडे एक बाई होत्या, नवरा जाऊन तीन आठवडे झालेले, कनेक्शन त्याच्या नावावर, ते बंद करायचं होतं. काम म्हणाल तर चार क्लिकचं. पण मधेच त्या म्हणाल्या, "ह्यांच्या नावाने तुमचे मेसेज येतात अजून, ते पण बंद होतील ना?" मी म्हटलं हो मॅडम, होतील. मग बराच वेळ काहीच नाही, मला वाटलं कॉल कट झाला, आणि मग आवाज आला, "लगेच नका करू. आठवडाभर राहू द्या." ह्या सगळ्या वेळात स्क्रीनवर खालच्या चौकटीत एआयने माझ्यासाठी उत्तर तयार करून ठेवलेलं होतं, झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, आणखी काही मदत करू शकते का, आणि शेजारी निळं बटण: वापरा.

नाही वापरलं. गप्प बसले. फार काही थोर केलं अशातला भाग नाही, मला काही सुचलंच नाही.

महिनाअखेरीला रिव्ह्यूत तो कॉल निघाला. टीम लीड माणूस चांगला आहे, त्याच्याही डोक्यावर कुणाचा तरी टायमर आहेच, म्हणाला, अगं बोललीस छान, कुणीही म्हणेल, पण नंबर बघ ना.

तर ही पोस्ट त्या नंबरबद्दल आहे आणि प्रार्थनेबद्दल आहे. दोन्ही एकत्र कसं काय असं वाटेल, मलाही वाटायचं. मी जन्माने कॅथलिक, मिस्सा बिस्सा (चर्चमधली रविवारची उपासना) नियमित, पण "चर्चची सामाजिक शिकवण" म्हटलं की डोळ्यासमोर दानपेटी आणि लांबलेलं प्रवचन, आणि "मनन-चिंतन" म्हटलं की उंच भिंतीआडच्या सिस्टर. एक गरिबांसाठी, एक संतांसाठी. मी ह्या दोन्हींच्या मधली, ऑफिसला जाणारी.

मग ८ मे २०२५ ला नवे पोप निवडले गेले आणि त्यांनी लिओ नाव घेतलं. दोन दिवसांनी कार्डिनलांशी बोलताना कारणही त्यांनीच सांगून टाकलं, की तेराव्या लिओंनी पहिल्या मोठ्या औद्योगिक क्रांतीच्या वेळी कामगारांचा प्रश्न हातात घेतला होता, आणि आता एआयमुळे तशीच आणखी एक क्रांती दारात आहे, माणसाची प्रतिष्ठा, न्याय, श्रम सगळं पुन्हा पणाला लागलंय. मी ते फोनवर वाचलं, दोन कॉलच्या मधे, आणि मला पहिल्यांदा असं वाटलं की अरे हे आपल्याबद्दल चाललंय की काय.

म्हणून तेराव्या लिओंनी पोप असताना कामगारांच्या प्रश्नावर लिहिलेलं १८९१ चं मूळ पत्र शोधून वाचलं. रेरुम नोव्हारुम, १५ मे १८९१. भाषा जड आहे, मधे मधे पेंग येते, खोटं कशाला बोलू. त्यातले प्रसिद्ध मुद्दे बहुतेकांना माहीत असतात, कामगाराला घर चालेल इतका पगार मिळाला पाहिजे, संघटना करायचा हक्क पाहिजे, समाजवाद नको पण मालकाला मोकळं रानही नको. मी अडकले ते दुसरीकडे. एके ठिकाणी लिओ म्हणतात की माणसाला कामाने इतकं पिळून काढणं की मन बधिर होऊन जाईल आणि शरीर झिजेल, हे न्यायाचंही नाही आणि माणुसकीचंही नाही. शरीराचं समजू शकते, तेव्हा खाणी होत्या, गिरण्या होत्या, लहान मुलं यंत्रांवर होती. पण मन बधिर होणं हे त्यांनी शरीराच्याही आधी घातलंय. आणि त्याच्या जरा वरच रविवारच्या सुट्टीचा विषय आहे, तिथे ते बजावतात की विश्रांती म्हणजे नुसतं लोळणं समजू नका, पैसे उडवायचा दिवस तर त्याहून नाही, ही विश्रांती देवाशी जोडलेली आहे. (ऑनलाइन सेलच्या १०० वर्षं आधी, कमाल आहे.)

ह्यात मला जे दिसलं ते सांगते. देवासमोर शांत बसायचा वेळ लिओंनी कामाचे तास, विश्रांती आणि पगार ह्यांच्या रांगेत आणून बसवलाय. म्हणजे हे मालकाकडून मागून घ्यायचं काम आहे! मी आयुष्यभर उलटं शिकले होते, की प्रार्थनेला वेळ मिळत नाही हा माझा आळस, माझं पाप, कन्फेशनमध्ये सांगायची गोष्ट. आणि कन्फेशनमध्ये सांगितलंही आहे, कितीदा. एकाही फादरनी विचारलं नाही की बाई तुझी शिफ्ट किती वाजता संपते.

बरं आता एआयचं. मी काही त्याच्या विरोधात नाही हं, आधीच सांगते. ते आलं तेव्हा आम्हाला सांगितलं गेलं की कंटाळवाणी कामं हे करेल, तुम्ही माणसांशी बोला. आणि कंटाळवाणी कामं त्याने केलीही. प्रत्येक कॉलनंतर आम्ही नोंद टाइप करायचो, त्यात दोनेक मिनिटं जायची, आता ती आपोआप होते आणि माझ्यापेक्षा बरीच बरी होते. पण ती दोन मिनिटं म्हणजे आमचा श्वास होता हो. एक बोट टाइप करतंय आणि डोकं मागच्या माणसाला सोडून पुढच्यासाठी मोकळं होतंय. वाचलेली मिनिटं गेली कुठे? मला मिळाली नाहीत, ग्राहकाला मिळाली नाहीत, दिवसाच्या टार्गेटमध्ये सात कॉल वाढले तिथे गेली. २८ जानेवारी २०२५ ला व्हॅटिकनने एआयवर एक लांबलचक टिपण काढलं, अँटिक्वा एत नोव्हा नावाचं, त्यात कामाबद्दलच्या भागात हेच आहे, की ओझं हलकं करायचं वचन देऊन आणलेलं यंत्र बरेचदा कामगारालाच आपल्या वेगाने पळायला लावतं, हातातलं कौशल्य कमी करतं आणि वर पाळत ठेवतं. व्हॅटिकनमध्ये बसून लिहिणाऱ्यांना आमच्या फ्लोअरवरचं इतकं नेमकं कसं काय कळलं म्हणून मी तो भाग मैत्रिणीला मोठ्याने वाचून दाखवला, ती म्हणाली ह्यांच्याकडेही टायमर असेल.

अजून एक शब्द मला ह्या वाचनात मिळाला, सबसिडिअ‍ॅरिटी. उच्चार करताना जीभ अडखळते पण कल्पना साधी आहे, १९३१ मध्ये पोप अकराव्या पायस ह्यांनी नीट मांडलेली, की जे काम खालच्या, छोट्या गटाला स्वतः करता येतं ते वरच्याने काढून घेऊ नये, तो अन्याय आहे. हे सहसा सरकारबद्दल बोलतात. पण आमच्याकडे पूर्वी कोणता कॉल कुणी घ्यायचा हे आम्ही पाचजणी ठरवायचो. रडणारी माणसं आमच्यातल्या एकीकडे यायची, तिला जमायचं, भांडखोर माणसं माझ्याकडे, मला मजा यायची. आता सिस्टीम ठरवते आणि का ठरवलं हे टीम लीडलाही दिसत नाही. काम कमी झालं नाही, फक्त त्यातला विचार करायचा वाटा वर निघून गेला.

इथपर्यंत सामाजिक शिकवण झाली. आता माझी स्वतःची लाज.

त्या रिव्ह्यूनंतर मी सुट्टी टाकली आणि तीन दिवसांच्या मौन रिट्रीटला गेले. फोन पहिल्याच दिवशी जमा. आणि मी चॅपलमध्ये बसले, समोर मेणबत्ती, आणि दहा मिनिटांत माझा उजवा हात आपणहून उठून मांडीच्या खिशापाशी गेला. फोन नव्हता हे मला माहीत होतं. हाताला माहीत नव्हतं. त्या तासाभरात नऊ वेळा गेला तो, मी मोजले, आणि मोजायला लागले तेव्हा कळलं की मी इथेही डॅशबोर्डच बनवतेय.

रिट्रीट घेणाऱ्या फादरना सांगितलं तर हसले आणि त्यांनी मला इव्हाग्रियसची गोष्ट सांगितली. चौथ्या शतकातला साधू, इजिप्तच्या वाळवंटात राहायचा, ३९९ मध्ये वारला. त्याने लिहून ठेवलंय की साधूला भर दुपारी एक सैतान गाठतो, सगळ्यात चिवट. सूर्य हलतच नाही असं वाटतं, दिवस ५० तासांचा होतो. मग साधू सारखा खिडकीकडे बघतो, खोलीबाहेर येऊन जेवणाची वेळ व्हायला किती उरलंय ते उन्हावरून ताडतो, मग इकडेतिकडे मान वळवतो, कुणी भाऊबंद येतोय का भेटायला. जागेचा कंटाळा, हातातल्या कामाचा कंटाळा. त्याचं नाव अकेडिया. मला इतकं हसू आलं, खिडकीबाहेर कुणी येतंय का बघणारा तो साधू म्हणजे नोटिफिकेशन बघणारी मीच की. १६०० वर्षांपूर्वी, वीज नाही, नेटवर्क नाही, तरी हात खिशाकडेच.

म्हणजे सगळा दोष फोनच्या माथी मारून मोकळं होता येत नाही, हे एक. पण इव्हाग्रियसच्या त्या सैतानाला कुणी पगार देत नव्हतं. आज माझं लक्ष कुठे भटकेल ह्याच्यावर हुशार माणसं पूर्णवेळ नोकरी करतात, त्यांचंही टार्गेट असतं, ते आपलं टार्गेट माझ्या लक्षातून पूर्ण करतात. आधीचे पोप फ्रान्सिस २०१५ च्या लाउदातो सी ह्या पत्रामध्ये ह्याला मनाचं प्रदूषण म्हणतात, माहितीच्या कोलाहलात खोल विचार करणं, शहाणपणाने जगणं, उदारपणे प्रेम करणं शिकायचंच राहून जातं असं. प्रदूषण हा शब्द मला आवडला, कारण प्रदूषण म्हटलं की कारखाना कुणाचा हे विचारता येतं.

आणि आमची भक्तीही आता त्याच साच्यात जायला लागलीय. माझ्याकडे प्रार्थनेचं अ‍ॅप होतं, त्यात सलग किती दिवस प्रार्थना केली त्याचा आकडा दिसायचा. ४१ दिवस झाले, ४२ व्या दिवशी ताप आला आणि राहिली. आकडा शून्य. खोटं बोलल्यावर मला इतकं वाईट वाटलं नसेल जितकं त्या शून्याचं वाटलं.

मग अजून एक प्रयोग केला तो सांगते. रोजचं शुभवर्तमान वाचून मनन करायचं असतं, वेळ नव्हता, एआयला म्हटलं ह्या उताऱ्याचं सार दे. योहानच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय, व्यभिचारात पकडलेल्या बाईला येशूसमोर आणतात तो प्रसंग. आलं लगेच. येशू दांभिकता उघडी पाडतो, तिला दोषी ठरवत नाही, नवं आयुष्य सुरू करायला सांगतो. एक अक्षर चुकीचं नाही. संध्याकाळी मूळ उतारा वाचला तेव्हा लक्षात आलं काय गळलं ते. लोक दगड घेऊन उभे आहेत, बोल लवकर, नियम असं म्हणतो, तू काय म्हणतोस, आणि तो खाली वाकून बोटाने जमिनीवर लिहीत बसतो. ते सारखं विचारत राहतात. तो उठून एक वाक्य बोलतो आणि परत वाकून लिहायला लागतो. दोनदा वाकतो! काय लिहिलं ते सांगितलेलं नाही, त्यामुळे सारात येण्यासारखं तिथे काहीच नाही. त्या वाकण्यात कितीतरी वेळ जातो आणि त्या वेळातच एकेक माणूस निघून जातो, म्हातारे आधी.

बाराव्या शतकात गीगो नावाचा कार्थुशियन पंथातला साधू होता, त्याने वाचनाच्या चार पायऱ्या सांगितल्यात आणि त्या सगळ्या खाण्याच्या भाषेत. वाचन म्हणजे घास तोंडात घालणं, मनन म्हणजे चावणं, प्रार्थनेने चव सुटते, आणि चिंतन म्हणजे ती गोडीच. आता मला सांगा, चावायचं काम दुसऱ्याला दिलं तर तोंडात काय येणार. ऑफिसच्या मेलचं सार खुशाल घ्या, मी रोज घेते, ते मुळात चावण्यालायक नसतातच.

पण हे सगळं बोलताना एक धोका आहे आणि तो मला ऑफिसातच दिसला. रिव्ह्यूच्या पुढच्याच आठवड्यात आम्हाला माइंडफुलनेसचं सेशन मिळालं, १५ मिनिटं, लंचच्या वेळात (म्हणजे आमच्याच वेळात). डोळे मिटा, श्वासाकडे लक्ष द्या, विचार येतील जातील. छान वाटलं, खरंच. डोळे उघडले आणि टायमर तिथेच. तेव्हा मला जरा राग आला. मनाची शांती ही जर यंत्रात घालायच्या तेलासारखी होणार असेल, माणूस कुरकुरला की दोन थेंब सोडा, तर मला ती नको. अविलाच्या संत तेरेसा सोळाव्या शतकात आपल्या सिस्टरना सांगायच्या की स्वयंपाकघरातल्या भांड्याकुंड्यांतही देव वावरतो, आणि हे वाक्य आम्हा कामकरी बायकांना नेहमी ऐकवलं जातं. वाक्य खरं आहे, पण भांडी किती घासायची हे ठरवणाऱ्याने ते आपल्याला ऐकवू नये एवढंच.

सिमोन व्हेल ही फ्रेंच बाई मला ह्या बाबतीत जवळची वाटते. तत्त्वज्ञान शिकवायची, १९३४-३५ मध्ये मुद्दाम पॅरिसच्या कारखान्यांत मजूर म्हणून गेली, नगावर पैसे मिळायचे. तिचं म्हणणं असं की तो वेग पकडायचा तर विचार बंद करावा लागतो, एकेका हालचालीत डोकं घातलं तर हात मागे पडतो. आणि हीच बाई पुढे लिहिते की पूर्ण लक्ष देणं म्हणजेच प्रार्थना, आणि दुःखात असलेल्या माणसाकडे लक्ष देणं ही फार दुर्मिळ, फार अवघड गोष्ट आहे. ती चर्चच्या उंबरठ्यावर राहिली, आत यायचं तिचं वर्षानुवर्षं ठरत नव्हतं. पण श्रम आणि प्रार्थना ह्यांच्यामधली भिंत तिला दिसलीच नाही, कारण कारखान्यात तिच्याकडून नेमकं काय काढून घेतलं जातंय ते तिला हातांनी कळलं होतं.

फ्रान्सिसही लाउदातो सी च्या शेवटाकडे रविवारकडे येतात. आपण चिंतनाची विश्रांती निरुपयोगी म्हणून उडवून लावतो असं म्हणतात, आणि ही विश्रांती आपल्याला दुसऱ्यांच्या हक्कांबद्दल जागं करते असंही. हे वाचून मी आधी जरा साशंक होते, शांत बसल्याने दुसऱ्याचा हक्क कसा दिसेल. पण रिट्रीटच्या तिसऱ्या दिवशी, हात खिशाकडे जायचा जवळजवळ थांबला होता, तेव्हा मला देव बिव दिसला नाही, मला त्या निळ्या बटणामागची माणसं दिसायला लागली. ते यंत्र शिकलं कुठून? कुणीतरी कुठेतरी हजारो संभाषणं वाचून खुणा केल्यात, हे राग, हे दुःख, हे समाधान. अशाच कामात काही लोक दिवसभर हिंसेचे, मुलांवरच्या अत्याचारांचे फोटो आणि व्हिडिओ बघून गाळतात, म्हणजे माझ्या स्क्रीनवर ते येऊ नयेत. त्यांना नगावर पैसे आणि तासावर टायमर. माझं लक्ष भटकवतात म्हणून मी रडतेय, त्यांचं लक्ष तर नको त्या गोष्टीवर खिळवून ठेवलंय, आणि शिफ्ट संपल्यावर ती माणसं डोळे मिटून बसली तर काय दिसत असेल त्यांना. १९८१ मध्ये पोप दुसऱ्या जॉन पॉलनी लिहिलं होतं की कामाचं मोल काय तयार झालं ह्यावर आधी ठरत नाही, ते करणारा माणूस आहे ह्यावर ठरतं, काम माणसासाठी, माणूस कामासाठी नाही. तो माणूस दिसलाच नाही तर मोल कशाचं करणार.

व्हॅटिकनने ह्या विषयावर बरंच काही केलंय, २८ फेब्रुवारी २०२० ला रोममध्ये एआयच्या नैतिकतेचं एक आवाहन झालं, मायक्रोसॉफ्ट आणि आयबीएमने त्यावर सह्या केल्या, १४ जून २०२४ ला फ्रान्सिस इटलीत जी-७ च्या बैठकीत जाऊन एआयवर बोलले. चांगलंच आहे. पण मला आता मोठ्या सह्यांपेक्षा छोट्या सह्यांमध्ये जास्त रस वाटायला लागलाय.

तर आम्ही पाचजणींनी एक मेल लिहिला. लिहायला एआय नाही वापरलं, मुद्दाम, त्यामुळे दोन ठिकाणी शुद्धलेखन चुकलंय. तीन मागण्या केल्या असत्या तर एकही मिळाली नसती म्हणून एकच ठेवली: मृत्यूमुळे खातं बंद करायचे जे कॉल असतात त्यांना टायमर नको, आणि ते सरासरीत धरू नका. एक जण सही करायला घाबरत होती, तिचं प्रमोशन अडकलंय, तिला म्हटलं तू नको करू, तर तीच सगळ्यात वर नाव टाकून गेली. मेल पाठवला तो शुक्रवार होता. रविवारी मी मिस्साला गेले, फोन घरी ठेवून, आणि फादर प्रवचन देत होते तेव्हा हात एकदाच गेला खिशाकडे.

सोमवारी उत्तर आलं, "आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे. अभिप्रायाबद्दल धन्यवाद." कुणी लिहिलंय ते वाचल्याबरोबर कळलं, निळं बटण दाबलंय. उद्या जाऊन समोर उभी राहून विचारणार आहे.